आधी देवाची मूठ

दारथुआमीच्या चुलीशेजारी दोन डबे असायचे, एक घरच्या तांदळाचा आणि एक देवाचा. तसे ते आमच्या आयझॉलमध्ये घरोघरी असतात. भात टाकायच्या आधी एक मूठ तांदूळ देवाच्या डब्यात टाकायचे आणि मगच बाकीचे धुवायला घ्यायचे. चर्चच्या मंडळीतल्या आम्ही बायका दर आठवड्याला दारोदार फिरून ते गोळा करतो. त्यात सगळ्यात जास्त कुरकुर माझी, कारण या डोंगरावरच्या गावात कुठल्याही घरी जायचं तर पायऱ्या चढायला लागतात.

दारथुआमीचा नवरा गेला तेव्हा तिच्या पाठीवर बांधलेला तान्हा मुलगा झोसांगा होता आणि हातात एक पातेलं. बाजाराच्या कोपऱ्यावर ती भात आणि मोहरीच्या पाल्यातलं डुकराचं मटण विकायला बसली. त्या दिवसांत तिचा डबा पिशवीत ओतून घेताना मला लाज वाटायची. एकदा म्हटलंही, "अगं, या आठवड्यात राहू दे."

"तुझ्यासाठी काढते का मी?" ती म्हणाली. मी मुकाट्याने पिशवी पुढे केली.

पुढे दिवस पालटले. तिच्या हाताला चव होती. कोपऱ्यावरच्या पातेल्याची खानावळ झाली, खानावळीचं हॉटेल झालं, हॉटेलवर मजले चढले आणि झोसांगा शिकून सवरून गल्ल्यावर बसला. मुलगा गुणी, आईवर जीव टाकणारा. तिचे गुडघे दुखतात म्हणून त्याने तिला स्वयंपाकघरातून उठवलं आणि घरीही स्वयंपाकाला बाई ठेवली. देवाच्या डब्याऐवजी दर महिन्याला तांदळाचं पोतं गाडीतून थेट मंडळीत पोचू लागलं. मला तर हायसं वाटलं, तेवढ्याच पायऱ्या वाचल्या. रविवारी पाळकांनी झोसांगाचं नाव घेतलं, लोकांनी कौतुकाने वळून पाहिलं. दारथुआमी मात्र खाली मान घालून बसली होती.

बाहेर आल्यावर मी तिला चिडवलं, "देव आता तुमच्याकडून पोत्याने घेतो. मोठी माणसं झालात."

"पोतं झोसांगाचं गं. माझ्याकडून वर्षभर काही गेलेलं नाही. मूठ काढताना दिवसातून दोनदा तरी देवाची आठवण व्हायची. आता प्रार्थनेला डोळे मिटले की नव्या मजल्याच्या खिडक्या दिसतात. भीती वाटते मला."

श्रीमंतांची दुखणी, असं म्हणत मी मनातल्या मनात नाक मुरडलं.

त्याच नव्या मजल्यावर जेवणाचं मोठं दालन झालं. उद्घाटनाला एक मंत्री जेवायला येणार होते. जेवण पसंत पडलं तर सरकारी समारंभांचं सगळं काम झोसांगाला मिळणार होतं. त्या कामासाठी पोराने कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते. दारथुआमीने त्याच्याकडे एकच मागितलं, "त्या दिवशी भात टाकण्याआधी मूठ काढायला सांग." तो हो म्हणाला.

त्या दिवशी दुपारी पाळकांची प्रार्थना झाली, मंत्री पंगतीला बसले. दारथुआमी खाली स्वयंपाकघरात गेली, तिच्यामागे मी. भाताची पातेली नुकतीच उतरवलेली होती. खास सिल्चरहून आणलेल्या बंगाली आचाऱ्याला तिने विचारलं, "मूठ काढली होतीस ना?"

"कसली मूठ, मासीमा?"

वाढायला उशीर का म्हणून झोसांगाही खाली आला होता. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "नू," तो आईला म्हणाला, "सांगायचं विसरलो गं. आता वाडगाभर भात काढून ठेवू."

"आधी काढायची असते ती."

"महिन्याला पोतं जातं ना? मुठीवाचून देव उपाशी राहतो का?"

"त्याला कसली भूक? विसरतो ते आपण. मी विसरले, आज तू विसरलास." तिने पातेल्यांकडे बोट दाखवलं. "मूठ निघाली नाही, तेव्हा हा सगळा भात त्याचा. इस्पितळाबाहेर रोग्यांची माणसं बसलेली असतात, त्यांना नेऊन वाढ. आपल्याला दुसरा टाका."

"मंत्री ताटावर बसलेत, नू!"

"थांबतील."

"आणि नाही थांबले तर?"

"नाही थांबले तर नाही."

आचारी मालकाकडे बघत होता. झोसांगा हळूच म्हणाला, "हॉटेल आता माझ्या नावावर आहे."

"म्हणून तुला सांगतेय. मी पातेल्याला हात लावणार नाही. तुला वाढायचा असेल तर वाढ."

झोसांगाने बाह्या सरसावल्या. मग वाकून त्याने पहिल्या पातेल्याचा एक कान धरला आणि आचाऱ्याला दुसरा धरायला लावला.

पातेली गाडीतून इस्पितळाकडे गेली. दारथुआमीने पोत्यातून मूठ काढली आणि दुसरा भात चढला. मंत्र्यांनी मटणाचे दोन तुकडे खाल्ले, घड्याळ पाहिलं आणि गोड बोलून निघून गेले. ते काम पुढे दुसऱ्याला मिळालं. मला तिचा इतका संताप आला की तिथेच म्हटलं, "पोराचं नुकसान केलंस तू."

"केलं," ती म्हणाली आणि रडायला लागली.

पाहुणे पांगल्यावर झोसांगा खाली येऊन पाटावर बसला. तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं. त्याने त्याला हात लावला नाही.

"नू, लहानपणी माझं पोट भरायचं नाही, तरी तू मूठ काढायचीस. फार राग यायचा मला."

"माहीत आहे."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? मलाही यायचा."

त्याने मान वर केली. "कुणाचा?"

"त्याचाच. तुझा बाप नेला, वर माझ्याच पातेल्यातली मूठ."

"तरी काढायचीस?"

"नसती काढली तर रागवायलाही कुणी उरलं नसतं रे मला."

झोसांगाने ताट ओढून घेतलं. ती वाढत राहिली आणि तो पोटभर जेवला.