एक्का सगळ्यात लहान

माझी अक्कल नेहमी उशिरा पोचते. त्या दुपारी ती निघालीच नव्हती.

बायको पापनाशमला माहेरी, दिवस भरलेले. आदल्या खेपेस निरोप आला तेव्हा मी बसमध्ये बसलो आणि अर्ध्या वाटेत टायर फुटला. तिथं सासूबाई एकट्या. गाडी बघून दवाखान्यात न्यायला घरात पुरुषमाणूस नाही. मूल गेलं. म्हणून या वेळी जुनी मोपेड घेतली. किल्ली करगोट्याला बांधून झोपायचो. आमच्या कोपऱ्यावर नवीन टेलिफोन बूथ निघालं होतं, तिथल्या अक्काला सांगून ठेवलेलं, पापनाशमहून फोन आला की ओरडायचं.

ओरडेल, ओरडेल म्हणून कान सारखे कोपऱ्याकडं. मन रमावं म्हणून तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर, पत्ते खेळायला बसलो. मामा, भाओजी, शेजारचे पोस्टातले अण्णा आणि मी. लावायला चिंचोके.

डाव भाओजींनी जहाजावरच्या नोकरीतून शिकून आणलेला. सात पानं, ज्याची हलकी तो जिंकला. आधी दोन झाकलेली, एक उघडं, आणि तिथंच पहिली बोली. भाओजी शिकवायचे, "लावायच्या आधी सगळ्यांची उघडी पानं बघ. सगळी मोठी आणि तुझं एकटं लहान असलं तर वाढव, पळतील. पण एकाकडं जरी लहान पान दिसलं तर गप बैस. मग थाप चालत नाही."

बघितलं. भाओजींचा राजा, अण्णांची राणी, मामांचा एक्का. माझी तिर्री! झाकलेले माझे गुलाम आणि राजा, पण ते कुणाला दिसतायत? सगळे चिंचोके पुढं ढकलले. भाओजींनी पानं टाकली, अण्णांनीही. मला हसू आवरेना.

मामा म्हणाले, "मी आहे. आणखी वीस."

"मामा, एक्क्यावर?"

"होय की. वीस आहेत का?"

चिंचोके संपलेले. माझा हात आपोआप कमरेला गेला आणि मी किल्ली मधे ठेवली. मामा एक्क्यावर किती टिकणार!

भाओजी कपाळाला हात लावून म्हणाले, "लेका, या डावात एक्का सगळ्यात लहान!"

शंभरदा सांगितलं होतं त्यांनी. पण लहानपणापासून आमच्या डावात एक्का सगळ्यांचा बाप. शाळा नाही, जे डोक्यात बसलं ते बसलं.

"मामा, किल्ली घेतो परत. चेष्टा होती."

"ठेवलेलं उचलायचं नाही. पोंगलला नियम कुणी केला? माझं घड्याळ कुणी नेलं?"

मीच.

पानं पडत गेली. मामांना चव्वी, मला राणी. मामांना दुर्री, मला दुसरी तिर्री, आणि या डावात जोडी म्हणजे घात. बनियन भिजलं. देवा, आज फोन नको, उद्या येऊ दे, एवढंच म्हणत होतो. मामांना सत्ती पडली आणि कोपऱ्यावरून अक्का ओरडली, "अय्यो, पापनाशम! कळा सुरू झाल्या, लवकर या!"

मी किल्लीकडं हात नेला.

मामांनी शेवटची पानं वाटलीच नाहीत. किल्ली उचलली, कमरेची वेष्टी वर खोचली. "मोपेड आता माझी. मागं बैस."

"मी चालवतो, मामा!"

"हात बघ तुझे."

हात असे कापत होते की किल्ली भोकात गेली नसती. मागं बसलो. मामा उभ्या जन्मात सायकलीपेक्षा जोरात गेले नव्हते. गवताचा भारा घेतलेला सायकलवालासुद्धा आम्हाला मागं टाकून गेला. मी त्यांच्या पोटाला मिठी मारून डोळे मिटले. प्रत्येक खड्ड्याला वाटायचं, टायर गेला. मागच्यासारखंच होणार, आणि या वेळी बसला नावं ठेवता येणार नाहीत.

बायको दारातला खांब धरून उभी होती. मी धावत जाऊन भाड्याची गाडी आणली, तिला दवाखान्यात नेलं. धावताना दोनदा पडलो, ते वेगळं. तासाभरात मुलगी झाली, खणखणीत रडली. मी तिच्याहून मोठ्यानं.

मामांनी किल्ली सासूबाईंच्या हातात दिली. "ही नातीची. बापाला द्यायची नाही."

घरी मी बसनं आलो, मोपेड तिकडंच राहिली. अजून मोपेड न्यायची तर सासूबाई आधी विचारतात, "कुठं जाताय? पत्ते नाहीत ना तिथं?"