भुंगेरा कुठं सापडला

"खिडक्या उघडा रे. हिच्या वस्तीतला माल आलाय."

सर एवढंच म्हणाले. माझ्या हातात बाटली होती, स्पिरिटात बुडवलेल्या किड्यांची. वास आलाच तर दवाखान्याचा येणार. तरी एका पोरानं नाक दाबलं. सगळी लॅब हसली. भीतीनं मीही हसले. हिंगोलीच्या कॉलेजात मी पीएचडी करते, सर माझे गाईड. त्यांच्या सहीशिवाय माझं काही पुढं सरकत नाही.

त्या बाटलीतला एक भुंगेरा नवा निघाला. रोव्ह बीटल. तांदळाच्या दाण्याएवढा, काळा. पंखांची झाकणं इतकी आखूड की अर्धी पाठ उघडीच. जिवंतपणी बोट लावलं की विंचवासारखा मागचा भाग उचलायचा. नराचा जननभाग सूक्ष्मदर्शकाखाली सोडवला, कारण प्रजाती त्यावरूनच ठरते; माहीत असलेल्या प्रजातींशी ताडून पाहिला. कशाशीच जुळेना. बाहेरच्या तज्ज्ञांनीही नवीनच म्हटलं. त्याचं पहिलं वर्णन मी लिहीत होते.

वर्णनात ठिकाण लिहावं लागतं. नेमकं. कशावर सापडला तेही.

सापडला आमच्या बौद्ध वस्तीच्या मागं, मेलेल्या बैलावर. आजोबांच्या पिढीनं गावची मेलेली ढोरं ओढणं सोडलं. गावानं काय केलं? ढोरं ट्रॅक्टरला बांधून आमच्या दारामागं आणून टाकली. आजही टाकतात. ग्रामपंचायतीत अर्ज केले. उत्तर ठरलेलं: ढोरं टाकतात अशी जागाच गावात नाही.

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं.

"ठिकाण बदल. सिद्धेश्वर धरणाचा काठ टाक."

"सर, तिथं नाही सापडला."

"कोण येऊन राहिलं बघायला? आन् बैल काहून लिहिला? पालापाचोळा लिही."

बैल का नको ते तेव्हा कळलं. सर आमच्याच गावचे, मोठ्या घरचे. बैल त्यांच्या गोठ्यातला. टाकून गेलेला ट्रॅक्टरही त्यांचाच.

"सही पाहिजे ना, पोरी?"

"व्हय सर," म्हणून बाहेर आले.

घरी आई भाकरी थापत होती. तिला सगळं सांगितलं.

"लिही म्हनतेत तसं. त्यांच्याच शेतात निंदायला जाते मी. उद्या बोलवलं न्हाई तर?"

वारा फिरला. मागून सडका वास आला. आईनं उठून मागचं दार लावलं, मग मला ताट वाढलं. घास घ्यायच्या आधी दार लावायचं, हे मी शाळेत जायच्या आधीच शिकले होते. आणि आता मीच लिहायचं, इथं काही नव्हतं?

सकाळी केबिनमध्ये उभी राहिले.

"सर, ठिकाण बदलणार नाही. बैलही."

सरांनी मान वर केली नाही. "दुसरा गाईड शोध. कोण घेतंय बघू तुला. आन् आईला सांग, उद्यापासून कामाला यायचं न्हाई."

आईला ते सांगताना जेवढी भ्याले तेवढी केबिनमध्येही भ्याले नव्हते. अजून दारावर थाप पडली की आधी फटीतून बघते. भीती गेली असं मी म्हणणार नाही.

पण सरांच्या सहीवाचून पीएचडी अडेल, वर्णन अडणार नाही. ते मी छापून आणणार. वस्तीचं नाव, तालुका, जिल्हा हिंगोली. मेलेला बैल, गावानं टाकलेला. आणि कुणी विचारलं कोणाचा, तर तेही सांगणार.