पुसण्याआधी उतरवलेलं फ्रेंच

शाळेत तिला सगळे मावशी म्हणत. अठरा वर्षं तिसऱ्या मजल्यावरचे सहा वर्ग झाडायचे आणि फळे पुसायचे, हे तिचं काम. प्रयोगशाळेतल्या मदतनिसाची जागा सुटणार, हे तिनं चाळिशीतच हेरलं. त्या जागेला शालान्त पास लागतं, आणि वय पंचेचाळिसाच्या आत. मावशीनं कंबर कसली. बाहेरून परीक्षेला बसायचं तरी तिसरी एक भाषा निवडायचीच. तिनं फ्रेंच घेतलं.

"मावशी, आता केर फ्रेंचमधून काढणार का?" शिपाई म्हणाला.

"तुझ्या डोक्यातला काढायचा तर कुठलीही भाषा चालेल."

फ्रेंच घेण्यामागे हिशेब होता. शेवटचा तास फ्रेंचचा. मुलं गेली की फळा काठोकाठ भरलेला, फ्रेंचच्या बाईंचं अक्षर मोत्यासारखं. मावशी दार लोटायची, फळा वहीत उतरवायची, मगच फडकं मारायची. अर्थ एका फाटक्या शब्दकोशातून लावायची. वाक्यं मात्र फळ्यावरचीच. बाईंनी लिहिलेलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. चार वर्षांत सात वह्या भरल्या, आणि सातही तोंडपाठ.

निकाल लागला. गणित, विज्ञान, सगळ्यांत साठच्या वर. फ्रेंचमध्ये शंभरात अकरा.

तपासणाऱ्याचे डोळे फुटले असतील, असं म्हणत ती वह्या घेऊन फ्रेंचच्या बाईंकडे गेली. "यातलं काय चुकलं ते दाखवा. तुमचंच आहे सगळं."

बाई पानं उलटत गेल्या. आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या.

"मावशी, ही मुलांची चुकलेली वाक्यं आहेत. वह्या तपासताना सापडतात ती मी शेवटच्या तासाला फळ्यावर लिहिते. बरोबर काय, ते मुलं तोंडी सांगतात."

"आणि फळ्यावर?"

"चुकलेलंच राहतं."

"सगळं?"

"सगळं."

भांडायचं तरी कुणाशी? चूक फळ्यावर उघडी, वाटेल त्यानं न्यावी. बरोबर उत्तर मात्र बाकावर बसलेल्यांच्याच कानात. शाळा अशीच चालते, आणि त्यात कुणाला काही वावगं दिसत नाही.

बाई मनाच्या चांगल्या. फेरपरीक्षेला सात आठवडे होते, तेवढे दिवस मधल्या सुट्टीत त्यांनी डबा बाजूला ठेवून शिकवलं. पण हातात पेन आलं की जुनंच वाक्य उतरायचं. बाई लाल रेघ मारायच्या, मावशी मान हलवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"बाई, आधी विसरायचं कसं ते शिकवा," ती एकदा म्हणाली. ते बाईंनाही येत नव्हतं.

फेरपरीक्षेत एकोणतीस पडले. पस्तीस हवे होते. पुढच्याच महिन्यात मावशीनं पंचेचाळिशी ओलांडली. प्रयोगशाळेत नवी मुलगी आली, आणि नळ्या कुठल्या कपाटात असतात ते तिला मावशीनंच दाखवलं.

"पुढच्या वर्षी पुन्हा बसा," बाई जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या.

"कशासाठी?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच उत्तर हवं होतं. बाईंनी घड्याळ पाहिलं आणि तासाला उशीर होतोय म्हणत त्या वर गेल्या.