जगदाळेचं होल्स्टर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला कळलं असतं तर ती म्हणाली असती, बरं केलंत — आणि तेच मला ऐकायचं नव्हतं. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढं एक कारण पुरेसं आहे.

मी फौजेतून निवृत्त झालो आणि दुबईला एका मोठ्या घराण्याच्या बंगल्यावर संरक्षणाच्या कामाला लागलो. आम्ही सहा जण होतो. अंगात कोट, कोटाखाली पिस्तूल. मालकाला, म्हणजे आमच्या अरबाबला, त्याचा खास परवाना होता, पण पिस्तूल कुणाला दिसता कामा नये, ही त्याची सक्त ताकीद. मी राहायचो शारजात, अल मजाजमध्ये. बायको नंदा आणि मुलगी ऋतुजा बरोबर होत्या. खिडकीतून खाडीचं पाणी दिसायचं. रोज दीड-दोन तास गाडीत अडकायचो, पण घरी पोहोचलो की बरं वाटायचं.

जगदाळेला मीच आणला. आमच्याच तालुक्यातला, आमच्याच पलटणीतला, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. मी त्याच्यासाठी अरबाबच्या मॅनेजरपुढे शब्द टाकला, पहिला महिना घरी ठेवून घेतलं, नंदानं त्याला भाकरी करून घातली. तो मला उस्ताद म्हणायचा. फौजेत शिकवणाऱ्याला म्हणतात तसं.

दोन हजार आठ संपता संपता मंदी आली आणि सगळं कोसळलं. अरबाबची अर्ध्यावर आलेली बांधकामं थांबली, आणि सहातले चारच ठेवायचे असं ठरलं. मी सगळ्यांत जुना. मला कशाची भीती? — पण एक गोष्ट होती. माझ्या उजव्या डोळ्याच्या कडेला धूसर दिसायला लागलं होतं. ते मी एकाच माणसाला सांगितलं होतं, एकदा गाडीत, सिग्नलला थांबलो असताना.

त्यानं ते मॅनेजरला सांगितलं.

ते खोटं नव्हतं, हे मला मान्य आहे. खोटं असतं तर मी कदाचित माफही केलं असतं. पण माझ्या घरची भाकरी खाऊन, माझंच गुपित विकून त्यानं स्वतःची जागा वाचवली. याला केसानं गळा कापणं नाही म्हणायचं, तर काय म्हणायचं?

मला अगदी काढलं नाही. बंगल्यामागच्या शस्त्रांच्या खोलीत बसवलं. पिस्तुलं साफ करायची, मोजून द्यायची, मोजून घ्यायची, माणसांच्या कमरेला पट्टे-होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाच्या चामडी खोळी, बसवून द्यायच्या. पगार उतरला, आणि त्या पगारात कुटुंबाचा व्हिसा बसेना. ऋतुजा नववीत होती. बॅग भरताना ती एकच वाक्य परत परत म्हणत होती, "बट बाबा, नेक्स्ट इयर इज माय बोर्ड्स." मी बॅगेला कुलूप लावलं. दोघींना विमानतळावर सोडून परतलो तो थेट दुबईतल्या करामा वस्तीत, एका खोलीत पाच जणांबरोबर.

डूख धरणं काय असतं ते मला तिथं कळलं. आरडाओरडा नाही, भांडण नाही. जगदाळे रोज सकाळी खिडकीशी यायचा, सही करायचा, मी पिस्तूल हातात द्यायचो. "काय उस्ताद, बरं ना?" "बरंय." एवढंच. दसऱ्याला करामाच्या खोलीवर शस्त्रपूजा करायचो आम्ही. पिस्तूल बंगल्याबाहेर नेता येत नसे, म्हणून रिकामी होल्स्टरं पाटावर मांडून झेंडू वाहायचो. तो वाकून माझ्या पाया पडला, मी आशीर्वादही दिला. पोटात एक आणि ओठात एक — मला हे इतकं सहज जमेल असं वाटलं नव्हतं.

मग दोन हजार दहाच्या उन्हाळ्यात तो माझ्याकडे आला. दिवसभर अरबाबच्या बैठकीच्या दाराशी उभं राहायचं त्याचं काम. पिस्तूल उजव्या कमरेला. हाडावर घासून कातडं सोललं होतं, आणि पातळ कोटातून फुगवटा दिसतो म्हणून घरातल्या बाईसाहेबांनी दोनदा हटकलं होतं. म्हणाला, "उस्ताद, तुम्हीच काहीतरी करा. तुमच्यासारखं कुणाला जमत नाही."

आता एवढं समजून घ्या. आमच्या कामात कंबर म्हणजे घड्याळ. बेंबीपाशी बारा, उजव्या बाजूला तीन, पाठीच्या मधोमध सहा. त्याचा तीनचा पट्टा मी साडेतीन-चारला सरकवला असता, आतून मऊ चामड्याचं अस्तर लावलं असतं, होल्स्टर जरा पुढं झुकवलं असतं, तर त्रास संपला असता. अर्ध्या तासाचं काम. हे मी त्याला बघताक्षणी ओळखलं होतं.

मी त्याला सहावर बसवलं. पाठीच्या कण्यावर.

दिसायला ते झकास. उभ्या माणसाला टोचत नाही, कोट सरळ पडतो, समोरून काही कळत नाही. फक्त माणूस पाठीवर पडला, तर अख्खं लोखंड कण्याखाली येतं. म्हणूनच माझा एक नियम होता, माझा स्वतःचा. नवीन होल्स्टर बसवलं की माणसाला बसायला लावायचं, वाकायला, बुटाची नाडी बांधायला, जिना धावत चढायला — आणि शेवटी गादी अंथरून पाठीवर पडायला लावायचं. पडून दाखवल्याशिवाय मी फॉर्मवर सही करत नसे. सगळे हसायचे मला त्यावरून.

जगदाळेनं सगळं केलं. मग स्वतःच विचारलं, "गादी काढू का, उस्ताद?"

"राहू दे रे. तू काय नवा आहेस?"

आणि सही केली. फॉर्मवर पडून पाहिल्याची खूणही केली. घाईत केली का? नाही. खूण अगदी नीट, चौकटीच्या आत आहे.

तो इतका खूश झाला की संध्याकाळी माझ्यासाठी करामातल्या हॉटेलातून वडापाव घेऊन आला. मी खाल्ले.

त्यानंतर मी वाट पाहायला लागलो. हे लिहायला जड जातंय — पण वाट पाहत होतो, हेच खरं. रोज पिस्तूल देताना मनात यायचं, आज? सात-आठ महिने गेले. मधून मधून वाटायचं, सांगावं, जगदाळ्या, जरा इकडे ये, तुझा पट्टा सरकवतो. मग नंदाचा फोन यायचा, ऋतुजाला नव्या शाळेत कसे कमी मार्क पडले ते कळायचं, आणि मी गप्प बसायचो.

एका सकाळी माळ्यानं संगमरवरी पायऱ्या धुतल्या होत्या. जगदाळे अरबाबच्या नातवाला कडेवर घेऊन उतरत होता. पाय घसरला. एकटा असता तर कुशीवर वळला असता, फौजेत तेच शिकवतात. पण पोराला लागू नये म्हणून त्यानं त्याला छातीशी धरलं आणि पाठ दिली. पायरीची कड, वर पिस्तूल, वर कणा. पोराला ओरखडासुद्धा आला नाही.

मला आवाज ऐकू आला. मी धावलो — सगळ्यांत शेवटी.

इथवर सांगितलं ते मी स्वतःला कितीतरी वेळा सांगून बसलोय. हिशेब बरोबर झाला, त्यानं माझं घर मोडलं, मी त्याचं उट्टं काढलं. पण मला सांगायचं होतं ते हे नव्हे. ते पुढं आहे.

चौथ्या दिवशी मी हॉस्पिटलात गेलो. तो सरळ, हलता न येता पडला होता. त्याला कळलं होतं की डावा पाय आता उचलणार नाही. मॅनेजर चौकशी करून गेला होता. जगदाळेनं माझा हात धरला. म्हणाला, "उस्ताद, खरं सांगा. तुम्ही बांधून दिलं होतं तसंच घातलं होतं ना मी? का माझं काही चुकलं?"

एक शब्द पुरला असता. हो, तसंच होतं, असं म्हटलं असतं तरी त्याला निदान स्वतःचा राग आला नसता.

मी म्हणालो, "तू खाली सरकवलं होतंस. मी बसवलं तिथं असतं तर एवढं लागलं नसतं."

त्यानं डोळे मिटले. "तरीच," म्हणाला. "माझाच गाढवपणा." आणि मॅनेजरनं विचारलं तेव्हा त्यानं तेच सांगितलं, सही करून. त्याच महिन्यात त्याला गावी पाठवलं.

बाहेर लिफ्टपाशी उभा राहिलो तेव्हा मला हलकं वाटलं. किती दिवसांनी. दुःख झालं असं म्हणालो तर ते या कागदावरचं पहिलं खोटं ठरेल.

तो आता काठीवर चालतो. गावात कुणी विचारलं तर सांगतो, उस्तादानं सगळं नीट करून दिलं होतं, मीच मूर्ख, मीच पट्टा सरकवला. मी गावी जातो तेव्हा पारावर, चार लोकांसमोर, माझ्याकडे बघून हे सांगतो.

मी मान डोलावतो.