व्हर्नाक्युलरवाली

"व्हर्नाक्युलर कोण कोण? हात वर करा."

राजापेठेतल्या ट्युशन क्लासचा माझा पहिला दिवस. मेडिकलची तयारी. सरनं विचारलं आन मी हात तर केलाच, वरून उभीबी राहिली. छाती काढून. कारण आमच्या घरात तो शब्द मानाचा. माझा आजा व्हर्नाक्युलर फायनल, म्हंजे जुनी मराठी सातवी, पास होता. गावात कोणाच्याबी लग्नात त्याची ओळख करून देतानी लोक नावाच्या आधी तेच सांगत.

सर हसला. "उभी काय राहतेस? मराठी मीडियमवाले मागं, चटईवर. आणि डाउट विचारायचे नाहीत. बाकीच्यांचा वेळ जातो."

सारा वर्ग खदखदला. मी तशीच उभी राहिली.

"सर, मले मागून फळा दिसत नाही."

"आधी 'मला' म्हणायला शीक."

"मी मागं जात नाही," म्हटलं.

त्यानं माझं दप्तर उचललं आन दाराबाहेर ठेवलं. एक पोट्टा बोलला नाही. चटईवरचेबी नाही. दुसऱ्या दिवशी बाबा हात जोडाले गेला. मी गेली नाही. डॉक्टर झाली नाही. खतम.

मंग कॉलेजात एका मॅडमनं त्या शब्दाचं मूळ सांगितलं. लॅटिनमधी, मालकाच्या घरात जन्मलेला गुलाम. त्याच्यावरून घरगुती. मंग देशी भाषा. इंग्रजानं तोच शब्द आमच्या शाळाईले लावला. अन् माझा भोळा आजा तो जन्मभर मिरवत राहिला! रडू नाही आलं मले. संताप आला. आज्याचा नाही.

आता अकोल्यात राहतो आमी. पोरगी इंग्लिश मीडियमले हाय. आज शाळेतून आली आन जेवता जेवता म्हणाली, "मम्मी, उद्या पॅरेंट्स मीटिंगमध्ये तू बोलू नको. पप्पा बोलतील."

"काहून?"

"हेच. हे तुझं काहून."

हातातला घास मी ताटात ठेवला. तिले कोणी चटईवर बसवलं नाही, कोणी दप्तर दाराबाहेर ठेवलं नाही. तरी लाजाले शिकली. घरात जन्मलेला गुलाम म्हणतात तो हाच, आन घर माझं.

काही बदलणार नाही, मले माहीत हाय. त्या शाळेत हसतीन लोक. पोरगी महिनाभर बोलणार नाही माझ्याशी, कदाचित जास्तच. पण उद्या मी समोरच्या खुर्चीवर बसीन. नवऱ्याच्या आधी तोंड उघडीन. आन पहिला शब्द 'मले' म्हणीन.