दोरीकाकांची सुई

भाऊजी सकाळी उठल्यावर हातांचं काय करत असतील, हा प्रश्न गेले एकोणीस दिवस माझी पाठ सोडत नाही. जेवणाची काळजी नाही. स्वयंपाक ते माझ्यापेक्षा बरा करतात. पण त्यांच्या बोटांत सदैव धागा असायचा. आता ती बोटं रिकामी आहेत, आणि माझ्यामुळे रिकामी आहेत.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. समोरच्या इमारतीत तळमजल्यावरच्या एका खोलीत एकटेच राहतात. बावीस वर्षं त्यांनी छापखान्यात पुस्तकं शिवली. छापखाना बंद पडला तेव्हा येताना मेणाची वडी आणि जाड सुई तेवढी बरोबर आणली. माझी लेक लाकडी धनुष्यावर तिरंदाजी शिकायला लागली आणि विकतची दोरी महिनाभरात विसविशीत झाली. "आण इकडे, काय भानगड आहे बघू तरी," म्हणत भाऊजींनी ती उसवली आणि आठवड्याभरात नवी करून दिली. पुढे सगळं मैदान त्यांना दोरीकाका म्हणू लागलं.

त्यांच्या लांब फळीवर दोन खुंट्या होत्या. एकच धागा, मध्ये कुठेही न तोडता, दोन्ही खुंट्यांभोवती फिरवायचा. एका फेऱ्याचे दोन पदर. आमच्या लेकीच्या धनुष्याला सोळा पदर लागतात, म्हणजे फेरे आठ. मग टोकं बांधायची, दोन्हीकडे घट्ट गुंडाळी करून कड्या पाडायच्या आणि बाण बसतो तिथे मध्यभागी आणखी एक गुंडाळी. फेरे घालताना कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. "माझी मोजणी चुकली तर दोरी तुमच्या नावावर," म्हणायचे. फेरे झाले की सुईच्या टोकानं एकेक पदर मोजायचे. ही सुई कधी चुकली नाही.

स्पर्धेच्या चार दिवस आधी मी त्यांच्याकडे बसले होते. लेकीच्या नव्या दोरीचा तिसरा फेरा चालू असताना दारात घरमालक आले. भाऊजींनी धाग्याची रीळ माझ्या हातात दिली. "वहिनी, नुसती ताणून धरा. फिरवू नका."

मी फिरवली. मदत म्हणून. डोक्यात लेकीचं वेळापत्रक, तिची परीक्षा, तिचा बारीक झालेला चेहरा. भाऊजी परत आले तेव्हा किती फेरे झाले, मला ठाऊक नव्हतं.

"तुम्ही फिरवलीत? किती झाले?"

"आठ," मी म्हणाले.

त्यांनी सुई उचलली. मी हसून म्हटलं, "अहो, मोजलेत मी. पदवी घेतली आहे, आठापर्यंत येतं मला!"

तेही हसले. "मग काय, शिकलेल्या माणसाच्या पुढे आम्ही कोण!" आणि सुई खाली ठेवली. माझा मान राखायला ठेवली, हे मला तेव्हाही कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी लेक म्हणाली, "काका, बाणाची खाच दोरीवर सैल बसतेय." त्यांनी मधल्या गुंडाळीवर आणखी एक थर चढवला आणि माझ्याकडे बघितलं. "वहिनी, आठ नक्की ना?"

"नक्की."

स्पर्धेत तिसऱ्याच फेरीत दोरी तुटली. धनुष्याची वरची पाती तडकली, लेकीच्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत वळ उठला. ती रडत होती, आणि मी सगळ्या मैदानासमोर, तिच्या प्रशिक्षक बाईंसमोर, भाऊजींवर ओरडले, "दिसत नाही तर करता कशाला? पोरीचा डोळा गेला असता म्हणजे?"

ते एवढंच म्हणाले, "चुकलं माझं."

बाईंनी त्याच दिवशी सगळ्यांना विकतच्या दोऱ्या आणायला सांगितलं. भाऊजींनी खुंट्या उपटल्या, फळी माळ्यावर टाकली.

घरी येऊन मी तुटलेली दोरी उलगडली. पदर मोजले. दहा. पुन्हा मोजले. दहाच. म्हणजे फेरे फक्त पाच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती मी दिली होती, आणि चोर मीच. तरी दोरी कपाटात साड्यांखाली सरकवली. लेकीला सांगितलं नाही, नवऱ्याला नाही. परवा भाऊजी डोळे तपासून आले. डॉक्टरांनी नजर ठीक आहे म्हणून सांगितलं, तर मला म्हणतात, "मग हातच गेले असतील, वहिनी." मी भाजी निवडत राहिले.

त्यांची माफी मागायला रोज जिन्यापर्यंत जाते आणि परत येते. आज कळलं, ते सोपं आहे म्हणूनच मनाला पटत नव्हतं. ते म्हणतील, "जाऊ द्या हो, कुणाला सांगू नका," आणि माझी चूक स्वतःच्या नावावर ठेवून मोकळे होतील. मी त्यांना चारचौघांत बोलले. तर खरं चारचौघांत पोचलं पाहिजे.

दोरी कपाटातून काढून टेबलावर ठेवली आहे. लेक उठली की आधी तिला मोजायला देणार. बाई सहाला मैदान उघडतात. भाऊजींच्या आधी फोन त्यांना करायचा, आणि सुरुवातच अशी करायची: "बाई, फोन स्पीकरवर ठेवा. पोरांनाही ऐकू दे."