थाळीफेक्याची चड्डी

मुख्याध्यापकांनी मला दोन कामांसाठी बोलावलं होतं. पहिलं, पुढच्या वर्षी माझा प्राचीन इतिहासाचा अकरावीचा वर्ग बंद. मुलं सहाच होती, त्यामुळे वाद घालण्यासारखं काही नव्हतं. मला बिझनेस स्टडीज मिळणार होतं. दुसरं, सभागृहात लावायच्या नव्या बॅनरवर एक नजर टाकायची. "ग्रीक म्हणजे तुझा प्रांत, मेट."

बॅनरवर थाळी फेकणारा ग्रीक पुतळा होता. मूळचा नागवा. कमिटीने त्याला शाळेची खेळाची चड्डी आणि टी-शर्ट चढवला होता. खाली ग्रीकांचा शिक्षणासाठीचा शब्द, पायदेइया. अख्खा माणूस घडवणं.

सिडनीतल्या पॅरामॅटाजवळच्या त्या कॅथलिक शाळेत मी नेमकं हेच शिकवत होतो. पहिल्या काही शतकांतल्या ख्रिस्ती लोकांपुढे प्रश्न होता, मुलांना घालायचं कुठल्या शाळेत? शाळा होत्या त्या मूर्तिपूजकांच्या. त्यांनी तिथेच घातलं. व्याकरण, वक्तृत्व, शिस्त घेतली. देवांच्या भानगडी वाचल्या आणि बाजूला ठेवल्या. वर्गात मी आमच्या वसईच्या ख्रिस्ती लोकांचं उदाहरण द्यायचो. लग्नातल्या ओव्यांची चाल तीच राहिली, देवांची नावं तेवढी बदलली. सहांतली एक मुलगी म्हणाली होती, "म्हणजे सर, तुमच्या आंट्यांनीही तेच केलं, फक्त त्यावर निबंध लिहिले नाहीत."

निदान त्या लोकांनी टाकायचं ते आधी वाचलं होतं. आम्ही न वाचताच चड्डी घातली. हे मी मुख्याध्यापकांना म्हणू शकलो असतो.

घरी बायकोने विचारलं, "मग? काय बोललास?"

"चड्डी मापात बसलीय म्हणालो."

"आणि वर्गाचं?"

"सही केली."

"अकरा वर्षं शिकवलंस रे! चहात साखर कमी पडली तर तासभर भाषण देतोस, आणि इथे सही?"

मी चिडेन म्हणून ती थांबली. मी चिडलो नाही. भांडी डिशवॉशरमध्ये लावली.

शेवटचा तास गुरुवारी होता. ग्रीक पुस्तकं कशी वाचावीत हे तरुणांना सांगणारं एका जुन्या बिशपचं पत्र आम्ही वाचत होतो. अर्धं झालं होतं, उरलेलं त्या दिवशी संपवायचं होतं. पण बॅनरचं अनावरण नेमकं त्याच वेळी ठेवलं होतं, हजेरी सक्तीची. सहाही जणांना रांगेने घेऊन गेलो. भाषणात अख्खा माणूस तीनदा घडला. मग पडदा सरकला आणि टाळ्या पडल्या. माझेही हात वाजत होते. ते माझेच आहेत ना, हे मला खाली बघून ठरवावं लागलं.

बाहेर पडताना त्या मुलीने पत्राची झेरॉक्स पुढे केली. "सर, उरलेलं अर्धं?"

"घरी वाच."

"परीक्षेत आहे?"

"आता नाही."

"नो वरीज," ती म्हणाली आणि सभागृहाच्या पायरीवर बसून वाचायला लागली. तिची बस यायला अजून वेळ होता. मी बिझनेस स्टडीजचं पुस्तक घ्यायला ऑफिसकडे गेलो.